मोडकं, फुटकं, विरलेलं: स्पॅनिश विशेषणांच्या कामाच्या नोंदी

३ जून
नवीन काम आलं. ॲप आहे, परत आलेला नाहीतर वापरलेला माल तपासायचा आणि परत विकायचा. गोदामातला माणूस वस्तू हातात घेतो, फोनवर अवस्था टिक करतो आणि तोच शब्द पुढे गिऱ्हाईकाला दिसतो. एक गोदाम स्पेनमध्ये, एक मेक्सिकोत. शीटमध्ये ६४ ओळी, मूळ इंग्रजी, त्यांचं स्पॅनिश मला करायचंय, आणि गंमत म्हंजे ६४ ओळींत विशेषणं जेमतेम पाच, डॅमेज्ड, ब्रोकन, वॉर्न, फेडेड, डिफेक्टिव्ह, बाकी नुसती वस्तूंची नावं बदलतायत. पीएमला, म्हंजे प्रोजेक्ट मॅनेजरला, सांगितलं दोन दिवसांत देते.

४ जून
पहिला हात मारून झाला. डॅमेज्ड तिथे 'दान्यादो', ब्रोकन तिथे 'रोतो', वॉर्न तिथे 'गास्तादो'. जोडीला लिंग-वचन, खुर्ची स्त्रीलिंगी म्हणून 'रोता', ताटल्या अनेक म्हणून 'रोतोस'. संध्याकाळी पाठवून दिलं.

६ जून
परत आलं. ६४ पैकी ३७ ओळींवर लाल.

दोन रिव्ह्यूअर आहेत, एक माद्रिदची आणि एक मेक्सिकोचा. माद्रिदवाली तशी गोड बोलते पण तिचा शेरा झोंबला. तिचं म्हणणं असं की हे चूक नाहीये, पण वाचून काहीच दिसत नाही. स्वेटर 'दान्यादो' म्हंजे नेमकं काय झालंय त्याला? जळलाय, फाटलाय, किड्याने खाल्लाय? 'दान्यादो' हा विम्याच्या फॉर्मवरचा शब्द वाटतो म्हणे, असं वाचून घरी कोण विकत आणणार. मेक्सिकोवाल्याला 'दान्यादो' एवढं खटकलं नाही पण त्याच्या खुणा वेगळ्याच ओळींवर आहेत, त्या नंतर.

दुपारभर थिसॉरस उघडून बसले होते. तिथे डॅमेज्डखाली पंधरा स्पॅनिश शब्द मिळतात आणि कुठला कधी वापरायचा ते कोणी सांगत नाही. शेवटी वैतागून चहाला उठले, ओट्यावर कप ठेवताना आपटला, आणि मी तोंडाने "तुटला वाटतं" म्हणाले तर आई आतून, "अगं कप तुटतो का, फुटतो! आणि बघू, फुटलाय कुठे, नुसता टवका उडालाय."

तिथेच थांबले. हे मला थिसॉरस न उघडता येतं की. दोरी तुटते, काच फुटते, खुर्ची मोडते, कागद फाटतो, शिवण उसवते, घड्याळ बंद पडतं, दूध नासतं. इंग्रजीने या सगळ्याचं पोतं बांधून त्यावर ब्रोकन-डॅमेज्ड लिहिलं आणि मी ते बांधलेलं पोतंच स्पॅनिशमध्ये उचलून ठेवलं.

७ जून
शीटमध्ये मधे एक कॉलम टाकला, मराठी. प्रत्येक ओळीला आधी मराठीत लिहायचं काय झालंय आणि मग स्पॅनिश. पीएम म्हणाली हे डबल काम आहे. म्हटलं असू दे, पैसे तेवढेच घेते.

पहिल्याच तासात एक गोष्ट कळली ती इथे लिहून ठेवते. मराठी आणि स्पॅनिश एकाच जागी चिरत नाहीत. 'रोतो'च्या पोटात आपलं तुटलेलं, फुटलेलं, मोडलेलं, फाटलेलं सगळं मावतं. कप 'रोतो', पाय 'रोतो', चड्डी 'रोता', आणि स्पेनमध्ये फोन नुसता बंद पडला तरी तो 'रोतो'. म्हणजे इथे स्पॅनिश आपल्यापेक्षा ढिली आहे. पण पुढे गेलं की तीच बाई इतकी चोखंदळ होते की विचारू नका, कपड्याची झीज वेगळी आणि ब्रेकची वेगळी, कपाच्या काठाचा टवका वेगळा आणि भिंतीचा पोपडा वेगळा. म्हणून मराठी कॉलम हे काही उत्तर नव्हे. त्याचं काम इतकंच, की मला वस्तूकडे बघायला लावायचं.

९ जून, कपडे
सगळ्यात जास्त मजा इथे आली त्यामुळे ही नोंद लांबणार.

वॉर्न. मराठी कॉलममध्ये लिहिलं "विरलेलं", म्हणजे धुऊन धुऊन कापड इतकं पातळ झालंय की उजेडाला धरलं तर पलीकडचं दिसेल. याला स्पॅनिशमध्ये शब्द तय्यार आहे, 'राईदो'. कोटाची कोपरं, शर्टाची कॉलर, सोफ्याचं कापड. शेजारी "दशा निघालेलं", काठाचे धागे लोंबतायत, ते 'देसिलाचादो', यात आत 'इलो' म्हंजे धागा बसलेला आहे, एच उच्चारत नाहीत म्हणून ऐकताना पटकन कळत नाही. इंग्रजी शीटमध्ये दोन्हीला वॉर्न. अरे एक गिऱ्हाईक विरलेला शर्ट घेणार नाही पण दशा निघालेली जीन्स जास्त पैसे देऊन घेईल.

"उसवलेलं" ला तर 'देस्कोसीदो', अगदी जसंच्या तसं, 'कोसेर' शिवणे आणि त्याच्या उलट. एक म्हण पण आहे, 'नुन्का फाल्ता उन रोतो पारा उन देस्कोसीदो', उसवलेल्याला कोणीतरी फाटका भेटतोच. जोडपी बघून म्हणतात. इथे मला 'रोतो'चा कपड्यातला अर्थ नीट दिसला, फाटका. चिलीमध्ये तर 'रोतो' म्हणजे फाटका माणूस, शिवी म्हणूनही आणि अभिमानानेही, आणि २० जानेवारीला चिलीच्या रोतोचा दिवस साजरा होतो, १८३९ च्या युंगायच्या लढाईची आठवण म्हणून. नशीब आपलं गोदाम चिलीत नाही.

फेडेड. मराठीत "विटलेलं" किंवा "रंग गेलेलं". स्पॅनिशमध्ये मी असं ठेवलंय की धुण्यात रंग सुटला तर 'देस्तेन्यीदो', उन्हाने नाहीतर वयाने उडाला तर 'देस्कोलोरीदो'. बोलताना लोक हे दोन्ही मिसळतात, माद्रिदवालीने पण कबूल केलं, पण टी-शर्ट आणि पडदा वेगळे ठेवायला तिची हरकत नाही.

स्वेटरवरच्या गोळ्यांना मी डिक्शनरीत बघून काहीतरी भारी क्रियापद टाकलं होतं. तिने खोडलं आणि लिहिलं 'पेलोतियास', छोटे चेंडू. मेक्सिकोवाला म्हणाला आमच्याकडे 'बोलितास'. चेंडू काय, गोळ्या काय, दोन्ही देशांत पोरांचा खेळच. दोन व्हर्जन केली.

कसर लागलेला, 'आपोलियादो', 'पोलिया' म्हंजे कसर. हे मला आधीपासून माहीत होतं हे मुद्दाम नोंदवते, स्वतःच्या समाधानासाठी.

आणि सैल पडलेलं. इलॅस्टिक गेलेलं, गळा ओघळलेला स्वेटर. याला स्पेनमध्ये 'दादो दे सी' म्हणतात. शब्दशः बघायला गेलं तर "आपल्यातून दिलेला". मी दहा मिनिटं नुसती बघत बसले होते त्या ओळीकडे. त्यावरून आठवलं, स्पेनमध्ये जुनं सामान विकायचं वॉलापॉप नावाचं ॲप आहे, त्यात वस्तूच्या अवस्थेची शेवटची पायरी आहे 'लो आ दादो तोदो', याने सगळं देऊन टाकलंय. क्लायंटला सुचवलं असलं काहीतरी घेऊ या. नको म्हणाले, टोन प्रोफेशनल हवा.

१० जून
कपड्यांतलं राहिलेलं एक. डिफेक्टिव्ह शर्ट, नवा आहे पण शिलाई चुकलीय, मूळचाच खोट असलेला. स्पेनमध्ये 'कोन तारा', 'तारा' म्हंजे खोट. मेक्सिकोसाठी 'कोन देफेक्तो दे फाब्रिका', लांब आहे पण सरळ आहे. झालं.

१२ जून, गाडीचे पार्ट
आज माझी जाहीर फजिती. ओळ ३१, स्क्रॅच पडलेला टायर. लिहिलं होतं 'यान्ता रायादा'. मेक्सिकोत 'यान्ता' म्हंजे टायर, स्पेनमध्ये 'यान्ता' म्हंजे रिम! म्हणजे त्याच दोन शब्दांनी स्पेनच्या माणसाला वाटणार फुटपाथला घासून रिमवर चरे आलेत, जे तिकडे रोजचं आहे, आणि मेक्सिकोच्या माणसाला वाटणार टायरवर ओरखडा. मेक्सिकोत रिमला 'रिन' म्हणतात, इंग्रजीतूनच घेतलेला. दोन्हीकडे चालेल असा 'नेउमातिको' टाकून सुटले.

त्यात 'रायादो' स्वतःच दुतोंडी आहे. चरे पडलेला पण आणि रेघारेघांचा पण, शर्टाला लावला तर पट्टेवाला शर्ट. म्हणून विशेषण काढून नाम घेतलं, स्पेनला 'कोन आरान्यासोस', मेक्सिकोला 'कोन रायोनेस', ओरखडे आहेत, विषय संपला. (ही नामाची युक्ती पुढे कामाला आली, २० तारीख बघा.)

पंक्चर झालेला, स्पेन 'पिन्चादो', मेक्सिको 'पोन्चादो'. मेक्सिकोचा शब्द आणि आपल्या कोपऱ्यावरच्या "पंचरवाल्या"चा शब्द, दोन्ही इंग्रजीचीच नातवंडं. दोघांनीही आपापल्या तोंडाला बसेल तसा घासून घेतलाय.

झिजलेला टायर. इथे 'गास्तादो' आणि 'देस्गास्तादो' हा घोळ. 'गास्तार' म्हंजे मुळात खर्च करणे, पैसे पण 'गास्तार' करतात, त्यामुळे 'गास्तादो' मध्ये संपत आल्याची, खर्ची पडल्याची छटा येते. सेल 'गास्तादास' असतात, त्या झिजत नाहीत, संपतात. 'देस्गास्तादो' म्हंजे घासून घासून थर गेलाय, टायर, ब्रेक पॅड, पायरीचा दगड. बुटाच्या तळव्याला दोन्ही चालतात. मी नियम केला, की घासणारी दुसरी वस्तू दाखवता आली तर 'देस्गास्तादो'. रिव्ह्यूअरने पास केला.

पोचा आलेला दरवाजा 'आबोयादो'. स्पेनमध्ये बोलताना पोच्याला 'बोयो' म्हणतात आणि 'बोयो' म्हंजे गोड बन पण. गाडीला बन आलाय. टेंगूळ म्हणतो आपण तसंच काहीसं, फक्त आत गेलेलं.

१३ जून
लाइट नाही दिवसभर. काम नाही.

१६ जून, भांडी आणि काच
आईचा कप इथे कामी आला. काठाचा टवका उडालेला म्हंजे 'देस्पोर्तियादो', हा काठासाठी, कडेसाठी. इनॅमलचा, रंगाचा, प्लास्टरचा पोपडा निघाला तर 'देस्कोन्चादो', आत 'कोन्चा' आहे, शिंपला, शिंपल्यासारखा तुकडा सुटून येतो म्हणून. लाकडाची चिरफळी निघाली तर 'आस्तियादो'. तडा गेलेला पण अजून एकसंध असलेला 'आग्रिएतादो' किंवा 'राखादो'. सुरीच्या धारेला दाते पडले तर 'मेयादो', आणि हाच शब्द दात पडलेल्या माणसालाही लागतो, आज्जी 'मेयादा'.

इंग्रजी शीटमध्ये या सगळ्याला नुसतं डॅमेज्ड.

मेक्सिकोवाला म्हणाला 'देस्पोर्तियादो' गोदामातल्या पोरांना जड जाईल, नुसतं 'कोन एल बोर्दे रोतो' म्हण, काठ फुटलेला. त्याचं बरोबर आहे. शब्द मला आवडतो म्हणून टिक करणाऱ्याने का शिकावा. स्पेनला ठेवला, मेक्सिकोला काढला, काढताना वाईट वाटलं.

१७ जून, इलेक्ट्रॉनिक्स
ब्रोकन फोन. स्पेनमध्ये 'रोतो' लिहिलं तर काचेला तडा गेलाय का फोन मेलाय ते कळणार नाही, दोन्ही बसतं. म्हणून विशेषणच नको, 'पान्ताया रोता' म्हंजे स्क्रीन फुटलेली, आणि मेलेला असेल तर 'नो एन्सिएन्दे', चालू होत नाही. मेक्सिकोत 'नो प्रेन्दे'. आपण पण हेच लिहितो ना, जुना मिक्सर विकायला काढला की "बिघडलेला" कमी आणि "मोटर जळाली आहे" जास्त.

मशीन, लिफ्ट, गाडी यांच्यासाठी 'आबेरियादो' आहे, बिघाड झालेला. हा कप किंवा शर्टाला लागत नाही, काहीतरी चालणारी वस्तू पाहिजे. शब्द मूळ अरबी, समुद्रातून आलेल्या खराब मालासाठीचा, आणि इंग्रजीतला ॲव्हरेज त्याच घरातला! जहाजावर माल खराब झाला की तोटा सगळ्या व्यापाऱ्यांत वाटून घ्यायचे, त्या वाटणीवरून सरासरी. म्हणजे आपण गाडी घेताना "ॲव्हरेज किती देते" विचारतो तेव्हा नकळत नुकसान किती तेच विचारत असतो. पेट्रोलचा भाव बघता बरोबरच आहे.

'एस्त्रोपेआदो' बद्दल वेगळं लिहायला हवं. स्पेनचा हा हरकाम्या शब्द, मशीन बिघडलं, फळ खराब झालं, चेहरा ओढल्यासारखा दिसतोय, सगळ्याला चालतो. माद्रिदवालीने व्हॉइस नोट पाठवली त्यात ती 'एस्त्रोपेआओ' म्हणत होती, शेवटचा द खाऊन, तिकडे बोलताना बरेच जण खातात. मी आधी शब्द वेगळाच समजले आणि डिक्शनरीत शोधत बसले.

२० जून, लिंग
डेव्हलपरशी कॉल. ॲपमध्ये वाक्य तयार होतं ते असं की वस्तूचं नाव, मग 'एस्ता', मग अवस्था. मी प्रत्येक विशेषणाची चार रूपं दिली होती, 'रोतो, रोता, रोतोस, रोतास', आणि अनेकवचनाला 'एस्ता'चं 'एस्तान'. तो म्हणाला डेटाबेसमध्ये वस्तूचं लिंग ठेवायची सोय नाही, एकच रूप द्या. त्याला मराठीतून समजावलं, तो नागपूरचा निघाला, की दादा "खुर्ची मोडका आहे" असं दिसेल स्क्रीनवर. लगेच पटलं. पण सोय मात्र नाहीच.

मग १२ तारखेची युक्ती. विशेषणाऐवजी 'कोन' आणि नाम, म्हणजे "ओरखड्यांसह", "डागांसह", "वापराच्या खुणांसह". 'कोन आरान्यासोस', 'कोन मान्चास', 'कोन सेन्यालेस दे ऊसो'. वस्तू खुर्ची असो का ताटल्या, रूप बदलत नाही. २९ ओळी अशा वळल्या. पण यात एक धोका आहे जो मी पीएमला लेखी कळवलाय, 'कोन' लावलं की सगळं जरा मवाळ वाटतं. "चड्डी फाटकी" आणि "चड्डी, काही दोषांसह" यात फरक आहे. 'कोन देस्पेर्फेक्तोस' तर इतकं सभ्य आहे की पाय मोडलेल्या टेबलाला लावलं तर फसवणूक होईल, 'देस्पेर्फेक्तो' म्हंजे बारीकसारीक खोट. मोठ्या मोडतोडीसाठी क्रियापदच ठेवलं, 'ले फाल्ता उना पाता', एक पाय नाही. इथेही लिंगाचा प्रश्न येत नाही.

२४ जून, दोघांशी एकत्र कॉल
मेक्सिकोवाल्याच्या त्या राहिलेल्या खुणा. त्याला बंद पडलेल्या मशीनला सगळीकडे 'देस्कोम्पुएस्तो' हवंय. मेक्सिकोत तेच म्हणतात, लिफ्टवर पाटी पण तशीच. माद्रिदवाली हसायला लागली, तिला 'देस्कोम्पुएस्ता' वॉशिंग मशीन म्हंजे सडायला लागलेलं, नाहीतर चेहरा उतरलेलं मशीन वाटतं. मग त्याने सांगितलं की पेरूमध्ये त्यालाच 'मालोग्रादो' म्हणतात, आणि कोलंबियात 'दान्यादो', हो, माझा पहिल्या दिवसाचा बिचारा 'दान्यादो' तिकडे रोजच्या बोलण्यातला आहे, गाडी पण 'दान्यादो' आणि लिफ्ट पण. रियल अकादेमिया आणि बाकी देशांच्या अकादमींचा २०१० चा अमेरिकेतल्या स्पॅनिशचा कोश ऑनलाइन आहे, त्यात देशागणिक खुणा दिलेल्या असतात, मी तो ६ तारखेलाच उघडायला हवा होता.

दोघं अर्धा तास भांडले, मी नोट्स घेतल्या. शेवट, 'नो फुन्सियोना', चालत नाही, दोन्हीकडे. भाषा म्हणून फिकं, पण कोणाला हसू येणार नाही.

भांडण संपल्यावर दोघं एकमेकांना रोजचे शब्द सांगत होते, ते शीटमध्ये जाणार नाहीत पण माझ्यासाठी. स्पेनमध्ये पार वाट लागलेली वस्तू 'एचो पोल्बो', धूळ झालेली, आणि दमलेला माणूस पण तोच, आपला "भुगा झालाय" तसाच दोन्हीकडे चालतो. 'पारा एल आर्रास्त्रे', ओढून न्यायच्या लायकीचा, हे बैलांच्या झुंजीतलं, मेलेला बैल रिंगणातून ओढत नेतात त्यावरून. मेक्सिकोत खटारा गाडीला 'कार्काचा'. ऐकूनच बॉनेट उडालेलं दिसतं.

२७ जून, फर्निचर
पटापट झालं. खिळखिळी खुर्ची 'देस्बेन्सिखादा'. डगमगणारं टेबल 'कोखा', लंगडं, आपल्यासारखंच. लाकूड पोखरलेलं 'कार्कोमीदो'. जुनं हे मात्र क्लायंटला विचारावं लागलं, कारण 'बिएखो' लिहिलं तर किंमत पडते आणि 'आन्तीगुओ' लिहिलं तर चढते, जुनाट आणि पुरातन. त्यांनी विचारलं कुठला निवडावा. म्हटलं कपाट कुठलं आहे त्यावर.

१ जुलै
डिलिव्हरी केली. ६४ ओळींच्या ८८ झाल्या आहेत, स्पेन आणि मेक्सिकोचे कॉलम वेगळे. डॅमेज्डचं 'दान्यादो' फक्त एका ओळीत उरलंय, खोक्यासाठी, 'एम्बालाखे दान्यादो', कारण आतलं उघडून बघितलेलं नसतं तेव्हा खरंच याहून जास्त काही माहीत नसतं.

मराठी कॉलम काढून टाकायला सांगितला होता. लपवलाय, डिलीट केला नाही.

३ जुलै
तीन ओळी वाढवून मागितल्या, दुरुस्त केलेल्या मालाच्या. सकाळी तासाभरात दिल्या. रफू केलेलं 'सुर्सीदो', ठिगळ लावलेलं 'रेमेन्दादो', डाग दिलेलं भांडं 'सोल्दादो', आणि हो, सैनिकाला पण 'सोल्दादो'च म्हणतात, आईला सांगितलं तर म्हणाली पातेल्याला हवालदार बसवलाय. चौथी मी आपणहून घातली, 'लान्यादो', फुटलेल्या मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्याचे तुकडे धातूच्या आकड्यांनी टाचलेले. पूर्वी स्पेनमध्ये 'लान्यादोर' दारोदार फिरून हे काम करायचे, आपल्याकडे कल्हईवाले फिरायचे तसे. दुपारी क्लायंटचं उत्तर आलं, असा माल आमच्याकडे येत नाही, ओळ काढा. काढली. बिल तीनच ओळींचं लावलं.